अर्जातला कामगार

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी खाणीत दगड फोडणारे एक बाबा आणि त्यांची संशोधक मुलगी बसली होती.

"बाबा, परगावाहून आलेल्या कामगारांच्या आजारांवर संशोधन करायला मला निधी मिळाला."

"शाब्बास! अर्जात काय लिहिलंस गं?"

"तुमच्या खोकल्याचंच. गाव सोडून आलात, खाणीतली धूळ छातीत बसली, सगळं."

"माझं नाव घातलंस?"

"नाही. 'एक कामगार' लिहिलं."

"तसा नियम असतो?"

"नाही. आधी 'माझे वडील' असंच लिहिलं होतं. पाठवताना खोडलं."

"असू दे."

"बाबा, माझं चुकलं."

"अगं, रडतेस काय? नंबर आला बघ. आत तुझ्या ओळखीचे डॉक्टर असतील ना? तू बस इथेच. मी एकटा जातो."