राहिलेला उःशाप

धाकटी: नाही वहिनी, शाप म्हणजे काय नुसता फेकून मारायचा दगड आहे का? समज, आज खेळात मी त्या सेनापतीला शाप दिला, की तुझा प्रत्येक हुकूम तुझी माणसं अगदी शब्दशः पाळतील.

वहिनी: हा शाप झाला की आशीर्वाद?

धाकटी: ऐक ना. तो चिडका आहे, हे तूच सांगितलंस. एकदा का तो ‘खड्ड्यात जा’ म्हणाला, की अख्खी फौज खड्ड्यात. आपला एक बाणही खर्च नाही.

वहिनी: हं. खेळ मी चालवते म्हणून नाइलाजाने म्हणते, चालेल.

धाकटी: आणि किल्ल्याच्या दाराला शाप दिला, की तुला कायम उकडत राहील?

वहिनी: तर काय होईल?

धाकटी: तर ते आपण होऊन उघडून बसेल!

वहिनी: दाराला शाप लागत नाही बाई. समोर जीव पाहिजे.

धाकटी: मग पहारेकऱ्याला उकडू दे. वाऱ्यासाठी तोच उघडेल दार.

वहिनी: डोकं छान चालतं तुझं. फक्त वाटेत कुणाचा पाय चेंगरतो, ते बघत नाहीस.

धाकटी: आलीस ना मागच्या रविवारावर?

वहिनी: मी कुठे काय म्हटलं? ते फासे पूस जरा. चहा सांडलाय त्यांच्यावर.

धाकटी: दादा येतोय ना आज?

वहिनी: दुकानाचं शटर ओढून येतो म्हणालाय. येईल तेव्हा खरं.

धाकटी: मला एक सांग. पुलावरचा तो राक्षस धडधाकट दिसेल त्यालाच अडवतो, दुबळ्याला सोडतो. म्हणून मी दादाच्या धनुर्धराला शाप दिला, हात थरथरतील म्हणून. आपल्याच माणसाला शाप! सुचलं असतं कुणाला? आणि राक्षसाने सोडलं की नाही त्याला?

वहिनी: सोडलं.

धाकटी: नियमात बसत होतं?

वहिनी: बसत होतं.

धाकटी: मग भरल्या ताटावरून उठावं तसा का उठून गेला तो? लहानपणी पत्त्यांत हरला तरी रुसायचा नाही. रुसायचं खातं माझ्याकडे होतं.

वहिनी: शाप दिल्यावर तू कप हातात घेऊन नक्कल केलीस. थरथरत, चहा सांडत.

धाकटी: गंमत होती ती. सगळे हसलो आपण.

वहिनी: तू एकटी हसलीस. तुझ्या लक्षात आलं नाही.

धाकटी: वहिनी, काय झालंय?

वहिनी: त्याने मला सांगू नको म्हटलंय, म्हणून मी काही सांगणार नाही. त्या कपाटात बाहुल्या आहेत खेळातल्या. बघायला बंदी नाही कुणाला.

धाकटी: दादाने रंगवलेल्या ना? पाठ आहेत मला. ही माझी मांत्रिकीण, हिच्या बोटातली अंगठीसुद्धा रंगवलीय बघ. हा राक्षस. हा नवा धनुर्धर… याला डोळे नाहीत.

वहिनी: सेनापती बघ.

धाकटी: यालाही नाहीत. आणि मिशी पार गालावर गेलीय. दादाचा ब्रश असा कधी… वहिनी, दुकानात काच कोण कापतं हल्ली?

वहिनी: भागीदार. हा मापं घेतो, गिऱ्हाइकांशी बोलतो.

धाकटी: आणि रविवारी त्याच्या अंगठ्याला ती पट्टी होती…

वहिनी: मी काहीही सांगितलेलं नाही.

धाकटी: अगं, त्याच्या तोंडावर नक्कल केली मी! मांत्रिकीण कसली, गाढव आहे मी. फार वाईट वाटतंय गं. आज आल्या आल्या तो शाप मागे घेते.

वहिनी: आपल्या खेळात शाप मागे घेता येत नाही. उःशाप देता येतो, आणि तो शापाबरोबरच सांगायचा असतो. तू हसण्याच्या नादात विसरलीस.

धाकटी: म्हणजे तो अजून…

वहिनी: अजून थरथरतोय.

(दादा दारात चपला काढून आत येतो. डावा हात खिशातून बाहेर, उजवा आतच.)

दादा: काय, सुरू केलंत माझ्याशिवाय?

धाकटी: नाही, नाही. दादा, तो मागचा शाप रद्द बरं का. पुसून टाकला. झालाच नाही असं समज.

दादा: रद्द कसा? त्याच्या जोरावर तर पूल ओलांडला मी. एवढी चांगली चाल कुणी पुसतं का?

धाकटी: मला नको ती.

दादा: कपाट उघडलेलं दिसतंय.

वहिनी: मी तोंड उघडलेलं नाही.

दादा: तुझं तोंड बंद असलं की घरातली कपाटं उघडतात, माहितीये मला. बस गं ठमे, रडू नकोस. जिवाला धोका नाही. गोळीने थोडं कमी होतं, पण पूर्ण जायचं नाही म्हणाले डॉक्टर.

धाकटी: मला का नाही सांगितलंस?

दादा: तू नक्कल करशील म्हणून.

धाकटी: चुकलं रे माझं.

दादा: तर तू न सांगताच केलीस! आणि हुबेहूब केलीस, म्हणून लागलं. जाऊ दे. आता माझ्या धनुर्धराचा उःशाप तेवढा सांग. तो राहिलाय.

धाकटी: हिमशिखरावरच्या सरोवराचं पाणी आणून…

दादा: एवढ्या लांबचा नको. रोज जमेल असा सांग.

धाकटी: शेजारच्याने मनगट धरलं, की तेवढ्यापुरती थरथर थांबेल.

वहिनी: मान्य. पण धरणाऱ्याची त्या फेरीतली चाल जाईल. फुकट काही मिळत नाही इथे.

धाकटी: जाऊ दे. सगळ्या गेल्या तरी चालतील.

दादा: सगळ्या नकोत. सेनापतीला कोण शाप देणार मग? जा, तो बारीक ब्रश आण. आणि काळा रंग. या धनुर्धराला आधी दिसू तरी दे, नेम नंतर धरू.

धाकटी: आणला. असं धरू? घट्ट होतंय का रे?

दादा: नाही. असंच राहू दे.