चंद्रकलाबाईंची खिडकी

सन्माननीय अध्यक्ष मनोहरराव, खास उमरेडहून आलेल्या प्रमुख पाहुण्या नीलाताई, आजच्या सत्कारमूर्ती चंद्रकलाबाई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेले त्यांचे यजमान नत्थूजी, आणि रसिक बंधुभगिनींनो,

मंडळाचा चिटणीस म्हणून बाईंना निरोप देण्याचं अवघड काम माझ्याकडे आलं आहे. आपल्या नाटकांची तिकिटं बाई आजवर स्वतःच्या घराच्या खिडकीतून विकत आल्या. आता त्या लेकीकडे भिवापूरला निघाल्या. नव्या सभासदांना वाटत असेल, तिकिटं विकण्यात सत्कार करण्यासारखं काय? त्यांच्यासाठी चौऱ्याहत्तर सालची हकिकत सांगतो.

तेव्हा आपली सगळी तिकिटं ताराचंद नावाचा ठेकेदार उचलायचा आणि खेळाच्या दिवशी ब्लॅकनं विकायचा. ज्या विणकरांनी हे मंडळ उभं केलं, तेच मांडवाबाहेर उभे राहायचे. बैठकीत बाई उठल्या. म्हणाल्या, "नाटक आपलं, तं तिकीट दुसऱ्याच्या हातानं काहून? माझी खिडकी रस्त्यावरच आहे. मी विकीन."

विक्रीच्या पहिल्याच दिवशी रांग चौकापर्यंत गेली. मीही रांगेत होतो. भर दुपारी ताराचंदची माणसं सायकलच्या चेनी घेऊन आली आणि दिसेल त्याला झोडपू लागली. नत्थूजी हातमागावरून उठून दारात आले. "बाया उभ्या आहेत गा, हात आवरा," एवढंच ते बोलले. चेन त्यांच्या तोंडावर बसली. ते उंबऱ्यावर कोसळले, तरी लाथा थांबल्या नाहीत.

एकाने गजांतून हात घालून बाईंचे केस धरले आणि त्यांचं कपाळ गजावर आपटलं. "तिकिटं दे." पुन्हा आपटलं. बाईंनी खिडकीचं लाकडी दार त्याच्या हातावर लोटलं आणि सगळा भार टाकून दाबून धरलं. हाड मोडल्याचा आवाज रांगेत आम्हाला ऐकू आला. मंडळी, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. मग रांगेतल्या सखूबाईंनी रस्त्यावरची वीट उचलली, बाकीच्या बायकांनीही उचलल्या. एकाचं डोकं फुटलं, तेव्हा ते पळाले.

नत्थूजींचा डोळा गेला. एका डोळ्याने तुटलेला धागा दिसेना, म्हणून त्यांचा माग विकला गेला. मारणारे तुरुंगात गेले. ताराचंद तिथे हजर नव्हता, म्हणून सुटला. कपाळाचे टाके सुकायच्या आत बाई पुन्हा खिडकीत बसल्या.

पुढल्या नाटकाला ताराचंद स्वतः आला, तो थेट खिडकीशी. बाई म्हणाल्या, "मागं लाइन आहे. तिकून या."

तो गेला. उन्हात उभा राहिला. त्याची पाळी आली, तसे नत्थूजी आतून ओरडले, "त्याले तिकीट देऊन राहिली तू?"

"लाइनीत आला नं तो," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिकीट दिलं, दार लावून घेतलं, आणि आत जमिनीवर बसून ढसाढसा रडल्या. थोड्या वेळाने दार उघडलं. उरलेली रांग तिथेच थांबली होती. एकही माणूस हलला नव्हता.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. "मारामारीचं सांगू नका, भाऊ," असं बाईंनी मला सकाळीच बजावलं होतं. त्यांचा शब्द मोडला, त्याबद्दल त्यांनी, आणि बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर आपण सर्वांनी, मला पदरात घ्यावं.