फोनवर सांगितलेलं नाव

नाही, नाही, हॉलमध्ये नको दादा, पाळणा आतल्या खोलीत बांधायचाय, आईच्या खाटेजवळ — अहो हळू! केवढी दचकले मी. पाइप पडला होय... मला वाटलं आईच. बसा, आधी पाणी घ्या. आणि जरा हळू बोलू या, ती जागी आहे.

पाळण्यावरच्या नावाची अक्षरं बरोबर आहेत, हो — कॅरिस. तुमचे कारागीर हसले म्हणे? हसू देत. वेल्श नाव आहे. माझा भाऊ प्रीतम तिकडे असतो ना, वहिनी वेल्सची — इंग्लंडची म्हणायचं नाही हां, फार रागावते. त्यांच्यात प्रेम करणं म्हणजे 'कारी', त्यावरून कॅरिस. मला आधी वाटलं, कुठल्या तरी राणीचं जुनंपुराणं असेल — कसलं काय, शंभरेक वर्षांपूर्वी केलेलं, ग्लॅडिससारखा शेवट लावून. आईला अर्थ सांगितला तर म्हणते, "मगे सरळ प्रेमाच ठेव मां गो!" पण दिवसभर पडल्या पडल्या घोकत होती — कॅरिस, कॅरिस. डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि ही नातीचं नाव पाठ करतेय.

मीच शोधलं. आत्या ना मी, मान माझा. आणि आमच्याकडे नाव आधी फोडत नाहीत — बाळ पाळण्यात घातलं की आत्या कानात सांगते, मग सगळ्यांना कळतं. म्हणून तर प्रीतम येणार होता! वहिनीलाही हे भारी आवडलेलं, जन्माची नोंदसुद्धा थांबवली होती त्यांनी. आणि मी काय केलं? मला धीरच नसतो हो. तिला नाव आवडलं नाही तर? ऐन बारशात तोंड वाकडं केलं तर? झोप लागेना — केला फोन, सांगून टाकलं. वहिनी तर आनंदाने रडली. लगेच नोंद करून मोकळे झाले. मग प्रीतम म्हणतो, "यार, नाव तर झालं ना? आता मुलुंडच्या गरमीत एवढ्याशा पोरीला कुठे आणू? व्हिडिओ कॉल करू या, झकास."

झकास म्हणे.

नाही, आईला नाही सांगितलं. तिला वाटतंय, रविवारी येतायत. तुम्हाला नको म्हणून कळवायला फोन हातात घेतलेला मी, पण ती आतून सारखी — पाळणेवाला आला का, पाळणेवाला आला का. मग या म्हटलं. रविवारी काय करणार? काय माहीत. रविवारपर्यंत ती — म्हणजे डॉक्टर म्हणाले तसं झालं, तर मला सांगावंच — असं बघू नका ना माझ्याकडे. मी काय, तिचं वाईट... तुम्हाला कशाला सांगत बसले मी हे?

दोरी लांब ठेवा फक्त. तिचा हात पोचायला हवा.

— आले, आई! नाही गं, प्रीतम नाही, पाळणेवाले!

जा तुम्ही आत. बांधा. आणि तिने काही विचारलं ना, तर मराठी येत नाही म्हणा.