गार्गीच्या वाट्याचा चहा

निपाणीच्या बसस्थानकावर मी चिकोडीच्या गाडीची प्रतीक्षा करीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक दांपत्य, गावच्या यात्रेसाठी पतीने लिहिलेले नाटक वाचीत होते. चार्वाक, गार्गी आणि सॉक्रेटिस या थोर विभूतींना त्याने एका वटवृक्षाखाली एकत्र आणले होते.

"अवो, ह्ये दोघं आत्म्यावर भांडत्यात, आन् गार्गी काय करती?"

"पुढं वाच की गं."

"वाचलं. 'गार्गी चहा घेऊन येते.' त्या काळात चहा होता व्हय?"

"मग दूध कर."

"दुधाचं न्हाय म्हणत मी! भर सभेत ऋषींना प्रश्न विचारणारी बाई ती. तिला कपबशा उचलाय लावताय तुमी."

"सॉक्रेटिसचं भाषण लई लांबतंय. मधी कुणीतरी हलाय नको?"

"असली गार्गी मी करणार न्हाय."

"नीलम, आज तालीम हाय! यंदा गावातलीच बाई स्टेजवर येणार म्हणून सगळ्यांस्नी सांगून बसलोय. न्हायतर दरवर्षीसारखी बाहेरनं नटी आणावी लागंल."

"आणा. तिलाबी चहाच कराय लावा."

"बरं बाई, गार्गी प्रश्न विचारंल. मग चहा कोण आणंल?"

"चार्वाक. खाऊन-पिऊन सुखात ऱ्हावा म्हणणारा त्योच न्हवं?"

"अगं, चार्वाक मी करतोय!"

"ठावं हाय. आपल्या घरात साखर कुठं असती, सांगा बघू."

"साखर... डब्यात असती."

"कुठल्या डब्यात?"

"झाकण असलेल्या."

"मग तालीम घरापासनंच सुरू करूया."