सूर्याआधीचे दिवस

(रविवार, संध्याकाळचे पावणेपाच. सृष्टी घडली ते सहा दिवस आजच्यासारखे दिवस नव्हते, असं पाळकांनी सकाळच्या उपदेशात सांगितलं. पाच वाजता पंच त्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरवणार आहेत. चर्चमागच्या खोलीत पाळक आणि पंचांची अध्यक्ष.)

पाळक : ...आणि पंख्याचं बटण तुझ्या मागे आहे. लाव जरा. घाम फुटलाय मला.

अध्यक्ष : फुटू दे. आईलाही याच खोलीत फुटला होता. तेव्हा लावला होतात पंखा?

पाळक : बंद केला होता. खडखड करायचा.

अध्यक्ष : वा! आठवण शाबूत आहे म्हणायची.

पाळक : हे बघ, बाळ...

अध्यक्ष : बाळ तेव्हा होते. आईला मुलांच्या रविवारच्या वर्गावर शिकवण्यावरून काढलंत तेव्हा.

पाळक : काढलं पंचांनी.

अध्यक्ष : बंदूक तुमची, खांदा पंचांचा. ‘शास्त्रात दिवस म्हटलंय म्हणजे दिवसच, ज्याला पटत नाही त्यानं जागा सोडावी’ हे कोण म्हणालं होतं?

पाळक : मी.

अध्यक्ष : आज तेच मी म्हणणार. तुमचंच माप, तुमच्याच पदरात.

पाळक : अगं, पण तू कुठे मानतेस ते? शाळेत भूगोल शिकवतेस तू! डोंगर किती जुने ते पोरांना सांगतेस!

अध्यक्ष : काडीचं मानत नाही. तरी तसंच मत देणार. आणि घरी जाऊन पोटभर जेवणार.

पाळक : या वयात चर्चचं घर खाली करून मी आणि बायकोनं जायचं कुठे?

अध्यक्ष : आई कुठे गेली होती? मंडळीतलं कुणी भेटू नये म्हणून भाजीसुद्धा पार पलीकडच्या बाजारातून आणायची. दोन्ही हातांत पिशव्या, आणि मान खाली. एक वेळ तेही गिळलं असतं मी. पण सकाळचं ते वाक्य! ‘सूर्य चौथ्या दिवशी आला, मग आधीचे तीन दिवस मोजले कशावर?’ आईचं वाक्य आहे ते. त्यापायी तिला घालवलंत, आणि आज स्वतःचं म्हणून खपवलंत. चोर तो चोर, वर शिरजोर!

पाळक : चोरलं नाही. तिनं दिलं.

अध्यक्ष : काय?

पाळक : बुधवारी गेलो होतो तिच्याकडे. तू शाळेत होतीस. माफी मागितली. म्हणाली, ‘माफीचं लोणचं घालू? माझं वाक्य चर्चमध्ये, व्यासपीठावरून बोला. माझं म्हणून बोला.’

अध्यक्ष : मला बोलली नाही ती.

पाळक : तुझा स्वभाव माहीत आहे तिला.

अध्यक्ष : मग तिचं नाव का नाही घेतलंत?

पाळक : ओठांवर आलं होतं. समोर जुने पंच बसलेले. गिळलं.

अध्यक्ष : म्हणजे पुन्हा तेच केलंत.

पाळक : पुन्हा तेच.

अध्यक्ष : आता आत जाऊन सांगा सगळ्यांना. वाक्य कुणाचं, आणि तिला कुणी घालवलं.

पाळक : सांगितलं तर तुझं मत...

अध्यक्ष : विरुद्धच.

पाळक : आणि नाही सांगितलं तर?

अध्यक्ष : तरी विरुद्धच.

पाळक : मग सांगून माझ्या पदरात काय पडणार?

अध्यक्ष : काही नाही. तरी सांगता का, तेवढंच बघायचंय मला.

काका (पंचांतले एक, दारातून) : येऊ का आत? अगं, पाच वाजले. सगळे जमलेत. पारडी अगदी सारखी दिसतायत, पोरी. तुझ्या मतावर येऊन अडणार. घेऊ या मतदान?

अध्यक्ष : थांबा काका. आधी पाळकसाहेबांना काही बोलायचंय.

काका : हो? काय हो, साहेब?

पाळक : ...घोटभर पाणी मिळेल का आधी?