उंच टेबल

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता. शेजारी एक बाई बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान समोर ताठ उभे होते.

“अहो, बसा ना. खुर्ची रिकामी आहे.”

“नको. बसून बसून माणूस गंजतो. म्हणून तर उभ्यानं लिहायला उंच टेबल आणलं.”

“आणलंत, ते मांडलंत बरोब्बर माझ्या मशीनसमोर. सकाळपासून आपले खांबासारखे उभे!”

“पण कंबर बघ, एकदा तरी कुरकुरली? तूही उभ्यानं काम करून बघ.”

“आणि शिलाई मशीनचं पायडल कोण मारणार, शेजारीण?”

“बरं, मग बस. मी काही म्हणतो का?”

“म्हणता ना! भाषांतर तुमचं, आणि हा शब्द बरा की तो, हे मला विचारता. पूर्वी बसायचात, तेव्हा नुसती नजर उचलली की दिसायचात.”

“आता दिसत नाही?”

“शर्टाची बटणं दिसतात. त्यातलं एक सैल झालंय. तोंड बघायचं तर आभाळाकडे बघावं लागतं.”

“मग नको बघूस.”

“नाही बघितलं की म्हणता, तुझं लक्षच नसतं.”

तेवढ्यात नर्सनं दार उघडलं.

“मानदुखीचे पेशंट कोण?”

“मी,” बाई म्हणाल्या.

“काय झालं? जड काही उचललंत का?”

“छे हो. दिवसभर यांच्याकडे बघते.”

यजमान खुर्चीत बसले.

“आता कसले बसताय? उठा, आत चला. नेमकं कुठं दुखतं ते तुम्हालाच ठाऊक, रोज चोळून देता ना!”