वाकून नमस्कार

स्वारगेटला वाघोलीच्या बसमध्ये नीरजाताई चढल्या, तेव्हा पुढच्या सीटवर बापानं लेकीची उलटतपासणी सुरू केली होती. लेक मेडिकलची मुलाखत देऊन आली होती.

"आत गेल्या गेल्या काय केलंस?"

"सगळ्यांच्या पाया पडले. चहा देणाऱ्या मामांच्यासुद्धा."

"अगं, शिपायाच्या? हसली असतील की समदी!"

"हसले ना. एक सर म्हणाले, यांच्या कशाला?"

"मग?"

"म्हटलं, वयानं हेच मोठे. आणि पाय सुजलेत यांचे. अंगठा दाबला तर खड्डा राहतोय."

"तू दाबून बघितलास?"

"पाया पडता पडता. आजीला तसंच व्हायचं ना."

"तरी म्हणत व्हतो, कॉम्प्युटरला जा. समदी तिकडंच चाललीत."

"बाबा, ऐका तर. मोठ्या मॅडम उठल्या. मामांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि खाली बसून त्यांचे पाय बघायला लागल्या."

"आन् तुझे प्रश्न?"

"राहिलेच. मॅडम म्हणाल्या, 'ये, तूही बस इथं. आता नीट बघ.'"

बापानं उठून लेकीला खिडकीची जागा दिली.

मागच्या सीटवर नीरजाताईंनी हळूच साडीचा काठ वर केला आणि स्वतःच्या घोट्यावर अंगठा दाबला.